तलावाचा पैसा अडकतो कुठे? राज्याचं बजेट ठाणेकर-नवी मुंबईकरानं कसं वाचायचं

मार्चमध्ये राज्याचं बजेट मांडलं की संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड सुरू. पर्यावरणाला इतके कोटी, पाण्याला तितके कोटी, कुणी टाळ्यांचे इमोजी टाकतं, कुणी म्हणतं सगळे चोर, आणि दोन दिवसांनी विषय संपतो. जून आला की तलावात तेच शेवाळ, नाल्याला तोच वास. माझं म्हणणं एवढंच आहे की भाषणातल्या आकड्यावर खूशही होऊ नका आणि चिडूही नका, कारण तो आकडा म्हणजे फक्त परवानगी असते, पैसा नाही. पैसा बघायचा तर तीन आकडे शेजारी ठेवायचे: तरतूद किती, वितरित किती, खर्च किती. हे घरबसल्या करता येतं, सीए असायची गरज नाही, एखादी रविवारची दुपार आणि थोडा चिवटपणा लागतो. कसं करायचं ते क्रमानं सांगतो.

आधी ठरवा, तुमचा प्रश्न कुणाच्या खिशातला

इथेच निम्मे लोक चुकतात. "पर्यावरणाचं बजेट" म्हणून पर्यावरण व वातावरणीय बदल विभागाची मागणी (म्हणजे त्या खात्याच्या खर्चाचं बजेटमधलं पुस्तक) उघडतात आणि आकडा बघून हबकतात, की एवढ्या मोठ्या राज्याला एवढंच? २०२५-२६ चं बजेट १० मार्च २०२५ ला मांडलं गेलं, ७ लाख २० कोटींचं, त्यात या विभागाचा वाटा अगदीच किरकोळ. पण त्यावरून निष्कर्ष काढू नका. या विभागाकडे सरोवर संवर्धन, नदी संवर्धन, माझी वसुंधरा असल्या योजना आहेत, बाकी पर्यावरणाचा खरा पैसा भलत्याच खात्यांत असतो. सांडपाण्याच्या लाइनी आणि एसटीपी (सांडपाणी शुद्ध करायची केंद्रं) नगरविकासकडे, खारफुटी महसूल व वन विभागाकडे, धरणं जलसंपदाकडे, बांधबंदिस्ती मृद व जलसंधारणकडे, गावांचं नळपाणी पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाकडे. प्रदूषण नियंत्रण मंडळ तर मुख्यतः उद्योगांकडून येणाऱ्या संमती शुल्कावर चालतं, ते तुम्हाला या पुस्तकात फारसं सापडणारच नाही.

आणि आपल्याकडे अजून एक गंमत आहे. आपलं बरंचसं पाणी राज्याच्या बजेटमधून येतच नाही. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरकडे. ठाण्याचं पाणी म्हणजे महापालिकेची स्वतःची भातसाची योजना, स्टेम ही पाणी पुरवणारी कंपनी, एमआयडीसी आणि थोडं मुंबई महापालिकेकडून, अशी चार-पाच तोंडं. खारघर-कामोठे बाजूला सिडको आणि हेटवणे. बाळगंगा धरणाचा पैसा सिडकोचा, सूर्या प्रादेशिक योजना एमएमआरडीएची. सिडको, एमएमआरडीए, एमआयडीसी यांची बजेटं वेगळी असतात, विधानसभेत त्यावर मतदान होत नाही. त्यामुळे "सरकारनं आमच्या पाण्यासाठी काय केलं" हा प्रश्न राज्याच्या पुस्तकात शोधायला गेलात तर रिकाम्या हातानं परत याल. जलजीवन मिशनचे हजारो कोटी ऐकून पण हुरळू नका, ती २०१९ पासूनची योजना ग्रामीण भागासाठी आहे, घोडबंदरच्या टॉवरला तिचा एक थेंब नाही. शहरांसाठी अमृत २.० आहे, १ ऑक्टोबर २०२१ पासून, त्यात पाणीपुरवठ्यासोबत तलावांचं पुनरुज्जीवन पण बसतं.

तर एक कागद घ्या आणि एकच प्रश्न लिहा. "ठाण्याचं पर्यावरण" असला नको. "आमच्या अमुक तलावाचा गाळ काढायला राज्याकडून पैसे आले का" असला. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी, जेल तलाव, खारीगाव, जो तुमचा असेल तो.

पुस्तक उघडा, पण भाषणापासून लांब रहा

वित्त विभागाच्या वेबसाइटवर बजेटची सगळी पुस्तकं पीडीएफमध्ये असतात. भाषण वाचायला सोपं असतं म्हणून सगळे तेच वाचतात. भाषणात "येत्या पाच वर्षांत", "टप्प्याटप्प्यानं" असे शब्द दिसले की समजायचं की यावर्षीचा आकडा वेगळाच असणार. बजेटच्या आधी येणारी आर्थिक पाहणी चाळायला हरकत नाही, सिंचन, वनं, पाणी यांचे तक्ते बरे असतात. पण आपलं काम विभागवार मागण्यांच्या पुस्तकात आहे.

महाराष्ट्रात प्रत्येक विभागाला एक इंग्रजी अक्षर दिलेलं आहे. यू म्हणजे पर्यावरण, वाय म्हणजे पाणीपुरवठा, आय म्हणजे जलसंपदा, एफ म्हणजे नगरविकास, सी म्हणजे महसूल व वन. ते पुस्तक उघडलं की चार आकडी नंबर दिसतील, त्यांना प्रधान शीर्ष म्हणतात, आणि हे नंबर सगळ्या देशात सारखेच असतात, त्यामुळे एकदा पाठ झाले की कुठल्याही राज्याचं बजेट वाचता येतं. आपल्या कामाचे सांगतो: ३४३५ परिस्थितिकी व पर्यावरण, २२१५ पाणीपुरवठा व स्वच्छता, २२१७ नगरविकास, २४०२ मृद व जलसंधारण, २४०६ वने, २७०२ लघुपाटबंधारे, २७११ पूर नियंत्रण. पहिला आकडा बघायचा. २ किंवा ३ ने सुरू झालं तर महसुली खर्च म्हणजे पगार, अनुदानं, देखभाल. ४ किंवा ५ असेल तर भांडवली, म्हणजे काहीतरी बांधणं. ६ किंवा ७ म्हणजे कर्ज. म्हणून २२१५ चा भांडवली भाऊ ४२१५ आणि कर्जाचा ६२१५. हे दोन-दोन हजारांचं गणित लक्षात राहिलं की पुस्तकाची अर्धी भीती जाते.

इथे एक जागा आहे जिथे लोक हमखास फसतात. महापालिकेला तलावासाठी दिलेला पैसा बहुतेक वेळा "भांडवली"मध्ये दिसत नाही, कारण राज्याच्या हिशोबात ते अनुदान असतं, मालमत्ता महापालिकेची होते. म्हणजे तो २ किंवा ३ वाल्या शीर्षात येतो आणि शेवटी उद्दिष्टाच्या रकान्यात ३१ सहायक अनुदाने किंवा ३५ भांडवली मत्तेच्या निर्मितीसाठी अनुदाने असं लिहिलेलं असतं. ३५ दिसलं तर काहीतरी उभं राहायचंय. ०१ म्हणजे पगार. एखाद्या योजनेचं नाव फार हिरवंगार आहे पण पैसा सगळा पगार आणि कार्यालयीन खर्चात आहे हे या दोन आकडी नंबरवरूनच कळतं.

एक ओळ नीट वाचून बघू

रकाने चार. २०२५-२६ चं पुस्तक घेतलं तर पहिला रकाना २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च, मग २०२४-२५ चा अर्थसंकल्पीय अंदाज, मग २०२४-२५ चा सुधारित अंदाज, आणि शेवटी २०२५-२६ चा अंदाज. पेपरवाले शेवटचा रकाना छापतात. तुम्ही उलटं करा, डावीकडून वाचा.

रकमा हजारात असतात. शून्य मोजत बसू नका, उजवीकडचे चार आकडे बोटानं झाका, राहिले ते कोटी. २५०००० लिहिलं असेल तर २५ कोटी.

आता समजा, निव्वळ उदाहरण म्हणून, एका सरोवर योजनेसमोर प्रत्यक्ष ४ कोटी, अंदाज २० कोटी, सुधारित ६ कोटी, पुढचा अंदाज २५ कोटी असं आहे. भाषणात हे "२० वरून २५ कोटी, भरीव वाढ" असं येईल. खरं काय दिसतंय? दोन वर्षांपूर्वी ४ च खर्च झाले, गेल्या वर्षी २० म्हणून सांगितले आणि वर्ष संपायच्या आत स्वतःच ६ वर आणले, आणि आता परत २५. या योजनेतून तुमच्या तलावाला पैसे मिळायची शक्यता किती ते तुम्हीच ठरवा. मी तर सुधारित अंदाजाच्या रकान्यालाच खरं बजेट मानतो, बाकीचं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेवरचं "आग्रहाचं निमंत्रण".

अजून एक. काही ओळींसमोर नुसता १ दिसतो. छपाईची चूक नाही ती, एक हजार रुपये आहेत. याला टोकन तरतूद म्हणतात, म्हणजे शीर्ष उघडं ठेवायचं, पुढे पुरवणी मागणीतून (वर्षाच्या मध्ये मागितलेल्या जादा पैशातून) किंवा दुसऱ्या ओळीची बचत वळवून पैसे टाकायचे. टोकन दिसलं की लगेच "सरकारनं हजार रुपये दिले, क्रूर थट्टा" अशी पोस्ट टाकू नका, पण त्या ओळीवर खूण करून ठेवा. पावसाळी अधिवेशनात आणि डिसेंबरात नागपूरला पुरवणी मागण्या येतात तेव्हा ती ओळ परत शोधायची. पुरवणी मागण्यांचं पुस्तक कुणीच वाचत नाही, आणि खरी हालचाल पुष्कळदा तिथेच असते.

एप्रिलनंतरचं काम: बीम्स आणि जीआर

बजेट मंजूर झालं, तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक झालं, म्हणजे पैसे निघाले असं नाही. वित्त विभाग वर्षभर हप्त्याहप्त्यानं सोडतो, कधी अमुक टक्क्यांपर्यंतच खर्च करा म्हणून हात आखडता घेतो. हे बघायला बीम्स नावाची राज्याची सिस्टीम आहे, लॉगिन नसलं तरी तिथले काही रिपोर्ट दिसतात, विभागवार आणि योजनावार. तिथे तुमचे तीन आकडे मिळतात. ऑक्टोबरात एकदा बघा, जानेवारीत एकदा, आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रोज बघितलंत तरी करमणूक होईल. वर्षभर मुंगीच्या पावलानं चाललेला खर्च ३१ तारखेपर्यंत असा धावतो की विचारू नका. मार्चअखेर वितरित झालेला पैसा तुमच्या तलावात त्या वर्षी पोचत नाही हे उघड आहे, तो महापालिकेच्या खात्यात पडून राहतो आणि टेंडर पुढच्या दिवाळीला.

बीम्सवर योजना दिसते, तुमचा तलाव दिसत नाही. तलावाचं नाव जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात असतं. महाराष्ट्र शासनाच्या साइटवर शासन निर्णय विभागवार शोधता येतात. विभाग निवडायचा, आणि शोधताना नुसतं "तलाव" टाकू नका, "सरोवर", "सुशोभीकरण", "संवर्धन", "ठाणे महानगरपालिका" असं फिरवून फिरवून टाका. नगरविकासमध्ये "महानगरपालिका क्षेत्रात मूलभूत सोयी-सुविधांचा विकास" हे नाव लक्षात ठेवा. नाव इतकं बेचव आहे की कुणी उघडत नाही, पण रस्ता, गटार, उद्यान, तलावाकाठची कामं यातूनच निघतात, कामांची यादी सोबत जोडलेली असते.

जीआर मिळाला की वरची प्रस्तावना सोडा, शेवटाकडे जा. प्रशासकीय मान्यता आहे की निधी वितरण, हे आधी बघा. प्रशासकीय मान्यता म्हणजे "करा" असं म्हटलंय, पैसे दिलेत असं नाही. निधी वितरणाचा जीआर असेल तर त्यात रक्कम, कितवा हप्ता, लेखाशीर्ष (पुस्तकातला त्या खर्चाचा नंबर), आणि आहरण व संवितरण अधिकारी, म्हणजे पैसे काढून वाटणारा अधिकारी, कोण ते लिहिलेलं असतं. महापालिकेचा हिस्सा किती तेही बघा, बरीच कामं राज्याचा हप्ता न आल्यानं नाही तर महापालिकेनं स्वतःचा हिस्सा न टाकल्यानं अडकतात. उपयोगिता प्रमाणपत्र दिल्याशिवाय पुढचा हप्ता नाही ही अट पण बहुतेक ठिकाणी असते, आणि पहिल्या हप्त्याचा हिशोबच गेला नाही म्हणून दुसरा थांबलाय असंही होतं. त्यावेळी मंत्रालयावर मोर्चा नेऊन उपयोग नाही, महापालिकेच्या संबंधित खात्याला विचारायचं.

कामाचं वर्णन शब्द न् शब्द वाचा. संरक्षक भिंत, पदपथ, विद्युत रोषणाई, कारंजे, ओपन जिम असं असेल तर ते तलावाच्या काठाचं काम आहे, पाण्याचं नाही. पाण्याचं काम म्हणजे गाळ काढणं, येणारं सांडपाणी अडवून मलवाहिनीला वळवणं, वायुवीजन म्हणजे पाण्यात हवा मिसळणं, पाण्याच्या तपासण्या. ठाण्यात तलावाकाठी रोषणाई बघून सगळे खूश होतात, त्यात चुकीचं काही नाही, फिरायला मलाही आवडतं, पण सांडपाण्याचा पाइप तसाच राहिला तर वरून लेझर शो आणि खालून वास.

महापालिकेचं अंदाजपत्रक शेजारी ठेवा

राज्याचा रुपया शेवटी ठाणे किंवा नवी मुंबई महापालिकेच्या अंदाजपत्रकात जमा बाजूला दिसायलाच हवा. "शासनाकडून अनुदान" खाली बघा. तिथे सगळ्यात मोठी रक्कम दिसेल ती जीएसटी नुकसानभरपाईची, जकात-एलबीटी गेल्यावर २०१७ च्या कायद्यानं मिळणारी. ती पर्यावरणाची नाही, पण एसटीपीचं वीजबिल आणि पंपावरच्या माणसांचे पगार असल्याच पैशातून निघतात, त्यामुळे ती उशिरा आली की पहिली कात्री देखभालीला लागते. बांधायला अनुदान मिळतं, चालवायला मिळत नाही, हे एक वाक्य कुठल्याही महापालिकेच्या इंजिनिअरला ऐकवा, तो मान डोलावेल.

केंद्राकडून येणारा पैसा पण बघा. पंधराव्या वित्त आयोगात दशलक्षी (दहा लाखांवर लोकसंख्येच्या) शहरांच्या अनुदानाचा एक तृतीयांश हवेसाठी आणि दोन तृतीयांश पाणी, स्वच्छता, घनकचरा यासाठी ठेवलेला होता, आयोगाचा तो कालावधी २०२५-२६ पर्यंतचा.

दुहेरी मोजणीपासून सावध रहा. तोच खाडीकिनारा राज्याच्या जीआरमध्ये, महापालिकेच्या अंदाजपत्रकात आणि स्मार्ट सिटीच्या यादीत असू शकतो. तीन बॅनर लागले म्हणून तीन कामं झाली नाहीत. कामाचं नाव, रक्कम आणि टेंडर नंबर जुळवा, महाटेंडर्स या राज्याच्या टेंडरच्या साइटवर टेंडर मिळून जातं.

नवी मुंबईकरांसाठी खास. सिडकोनं शहर वसवताना भरतीच्या वेळी पावसाचं पाणी साठवायला धारण तलाव केले, होल्डिंग पाँड म्हणतो आपण. त्यात गाळ साचला, गाळावर खारफुटी उगवली, आता ती हलवायची तर उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. त्यामुळे "गाळ काढण्यासाठी तरतूद" वर्षानुवर्षं दिसते आणि खर्च शून्याच्या आसपास राहतो असं आढळलं तर लगेच घोटाळा म्हणू नका, आधी परवानगीचं काय झालं ते विचारा. पैसा असून काम न होणं आणि पैसा नसल्यानं न होणं, दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

आणि महापालिका अधिनियमाच्या कलम ६७अ प्रमाणे आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मांडायचा असतो. त्यात तलावांच्या पाण्याच्या तपासण्यांचे आकडे असतात. खर्चाचा तक्ता आणि पाण्याच्या बीओडीचा (पाणी किती घाण आहे ते सांगणाऱ्या मापाचा) तक्ता शेजारी ठेवलात की पोस्ट लिहायची गरजच उरत नाही.

इथे अडलात तर माहिती अधिकार

सगळं ऑनलाइन मिळणार नाही, जीआर आणि प्रत्यक्ष काम यांच्यामध्ये दरी असतेच. राज्याच्या आरटीआय पोर्टलवर १० रुपयांत अर्ज होतो. आपल्या राज्यात नियम आहे की एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत. "का", "कोण जबाबदार" असलं काही विचारू नका, कागद मागा. साधारण असा:

"विषय: अमुक तलावाच्या संवर्धनासाठी शासनाकडून मिळालेला निधी. कालावधी: १ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२५. १. निधी वितरणाच्या शासन निर्णयांच्या प्रती. २. महापालिकेस प्रत्यक्ष प्राप्त रक्कम व दिनांक. ३. कामाचा कार्यादेश. ४. मोजमाप पुस्तकातील अंतिम नोंदींच्या प्रती. ५. शासनास सादर केलेली उपयोगिता प्रमाणपत्रे."

बस, एवढंच. मोजमाप पुस्तक मागायला विसरू नका, किती घनमीटर गाळ काढला ते तिथेच असतं. मला एकदा "सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही" एवढ्या एका ओळीचं उत्तर आलं होतं. असं आलं तर कलम ६(३) दाखवा, अर्ज पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे, तुमचं नाही. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर प्रथम अपील, पुढच्या तीस दिवसांत.

मागणी करायची तर कधी

बजेट झाल्यावर पत्र लिहिणं म्हणजे गाडी सुटल्यावर तिकीट काढणं. विभागांचे प्रस्ताव दिवाळीच्या आसपास तयार व्हायला लागतात, जिल्हा वार्षिक योजनेच्या बैठका साधारण जानेवारीत, महापालिकेचं अंदाजपत्रक जानेवारी ते मार्चमध्ये. म्हणून तुमचं पत्र नोव्हेंबरपर्यंत जायला हवं. जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात, कारभार जिल्हाधिकारी कार्यालयातून चालतो. इथे एक लक्षात ठेवा, वाशी-नेरुळ-ऐरोली ठाणे जिल्ह्यात येतं पण खारघर, पनवेल, उरण रायगडमध्ये, त्यांनी अलिबागला लिहायचं. आणि जुने आकडे काढून तुलना करणार असाल तर १ ऑगस्ट २०१४ च्या आधीच्या ठाणे जिल्ह्यात पालघर पण होतं, नाहीतर "आमचा निधी घटला" म्हणून उगाच ओरड व्हायची.

आमदारांकडे जाताना निवेदनाचं जाड बाड नेऊ नका. एक पान, त्यावर लेखाशीर्ष, तरतूद-वितरित-खर्च, जीआरचा नंबर, आणि एकच मागणी. त्यावरून त्यांना तारांकित प्रश्न (ज्याला सभागृहात तोंडी उत्तर मिळतं) किंवा कपात सूचना (खात्याच्या मागणीत कपात सुचवून विषय मांडायची सूचना) टाकता येते. त्यांचा स्वतःचा स्थानिक विकास निधी पण वर्षाला ५ कोटींचा असतो, छोट्या कामाला तोही चालतो, फक्त कारंजं मागू नका, सांडपाणी वळवायची लाइन मागा, आणि पत्राची पोच शिक्क्यासकट घेऊन फोटो काढून ठेवा, पुढच्या नोव्हेंबरात त्याच पत्राचा संदर्भ द्यायला लागतो.